चार नंबरचं बोट

तबिथा भिंगारदिवे यांच्या पियानोच्या वर्गाला एकच नियम होता. उजव्या हाताच्या पाठीवर चिंचोका ठेवायचा, पाच बोटांनी पाच सूर खालून वर आणि वरून खाली वाजवायचे, आणि चिंचोका घसरला की टीचर खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, "पडला. पहिल्यापासून." मूल रडो की त्याची आई नाक मुरडो, टीचरांचं वाक्य बदलायचं नाही. नाशिकच्या शरणपूर भागातल्या त्या दोन खोल्यांत चाळीस वर्षांत इतके चिंचोके पडले होते की केरसुणी फिरवली की पियानोखालून एखादा निघायचाच.

नियमाला कारण होतं. नवशिक्याची बोटं कच्ची असतात, म्हणून तो पट्टी दाबायला मनगट उचलून आपटतो. मनगट हललं की चिंचोका पडतो. तो टिकवायचा तर प्रत्येक बोटाला आपापल्या ताकदीवर खाली जावं लागतं. पियानोवर अंगठा एक नंबर आणि करंगळी पाच. त्यातलं रडतराऊत म्हणजे चार नंबर, अनामिका. तिचे दोर हाताच्या पाठीवर शेजारच्या बोटांशी आडव्या पट्ट्यांनी जखडलेले असतात, त्यामुळे ती एकटी उचलायला गेलं की शेजारणी तिला ओढून धरतात. तिला वळण लागायला वर्ष जातं, कधी दोन. टीचरांनी ते वळण तीन पिढ्यांतल्या मुलांना लावलं होतं.

मग बाही आली, आणि दोन वर्षांचं काम सहा आठवड्यांवर आलं.

बाही केली होती टीचरांच्याच मुलीने, हन्नाने. करसिद्धी नावाच्या कंपनीत ती मुख्य इंजिनिअर होती. तिने आईला समजावलं होतं ते असं: बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते असतात कोपराखाली, आणि तिथून लांब दोर मनगटातून बोटांपर्यंत गेलेले असतात, कळसूत्री बाहुलीचे असतात तसे. कोपरापासून मनगटापर्यंत चढवायच्या त्या पातळ बाहीला आतून दीडशे ठिपके होते. एका ठिपक्यातून अगदी बारीक वीज सोडली की तेवढाच स्नायू आखडे आणि तेवढंच बोट वाके. मात्र कुठल्या क्षणी कुठला स्नायू किती आखडायचा, हे बाहीला एखाद्या मुरलेल्या हाताकडून घ्यावं लागे. त्या माणसाने नोंद घेणारी बाही घालून तीन महिने वाजवायचं, आणि ती नोंद मग लाखो कोवळ्या हातांत उतरवायची. मूल कार्टून बघत बसलेलं असायचं आणि त्याची बोटं जेवणाच्या टेबलावर धडा वाजवत असायची.

सोळा जणांचे हात तपासून कंपनीने एक निवडला. तबिथा टीचरांचा.

टीचरांना केवढा अभिमान वाटला होता! चर्चमध्ये त्यांनी चार जणींना सांगितलं, आणि त्या चौघींनी उरलेल्यांना. नोंद सुरू व्हायच्या दिवशी हन्नाने एक अर्ज वाचून दाखवला होता. हाताला कधी इजा झाली आहे का? "नाही," टीचर म्हणाल्या, आणि हन्नाने खूण केली. मग टीचरांनी सवयीने चिंचोक्यांच्या बरणीकडे बघितलं, तर हन्ना म्हणाली, "नको आई, वायर्समध्ये अडकेल." टीचरांना हायसं वाटलं. का वाटलं, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

ह्याला दोन वर्षं झाली होती. आता बाही अडीच लाख घरांत होती. शाळांनी कौशल्याच्या गुणांत पियानो घेतला होता आणि जो तो बाहीवर तयार होऊन येत होता. चिंचोक्यांची बरणी कपाटावर धूळ खात पडली होती. पालक म्हणायचे, "टीचर, आता कशाला ती चिंच?" टीचरही आग्रह धरत नसत.

नातीचा, हन्नाच्या जेमीचा, वर्ग मंगळवारी शाळेनंतर असायचा. जेमी आठ वर्षांची, तोंडाने फटकळ. त्या मंगळवारी ती दारातच बसून राहिली. बुटाची नाडी सुटत नव्हती.

"किती वेळ गं?" टीचर आतून ओरडल्या.

"आजी, चार नंबर माझं ऐकत नाही."

"ऐकत नाही म्हणजे? आळस नुसता."

टीचर बाहेर आल्या. जेमीच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्यात वळलेली होती, आणि उरलेल्या तिन्हींनी ती नाडीशी झोंबत होती. टीचरांनी ती दोन बोटं उघडली. सोडल्याबरोबर ती पुन्हा वळली, दोन्ही एकदम.

घाबरलं की टीचरांना राग यायचा, तसा आला. त्यांनी तिला खेचत पियानोपाशी नेलं आणि दीड वर्षाने बरणी खाली काढली. "बाहीचे लाड पुरे झाले. ठेव हातावर."

जेमीने वाजवायला घेतलं. एक, दोन, तीन. चार नंबर पट्टीवर उतरलं, त्याच्या बरोबर करंगळीही खाली झुकली, मनगट केसभर उजवीकडे कललं, आणि चिंचोका टपकन खाली पडला.

"पडला. पहिल्यापासून."

पुन्हा तेच. सात वेळा तेच, त्याच सुरावर, त्याच बाजूला. आठव्या वेळी जेमीने चिंचोका उचलला आणि आजीपुढे धरला. "तू ठेव ना. तू कधीच नाही ठेवत."

"मी टीचर आहे."

"मग तर तुझा पडणारच नाही."

टीचरांनी चहाचं निमित्त काढून तिला शेजारी पिटाळलं, दार लावून घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातावर चिंचोका ठेवला. एक, दोन, तीन, चार. टप्. तोच सूर, तीच बाजू.

खरं तर त्यांना हे ठाऊक होतं. तेराव्या वर्षी चर्चमधल्या ऑर्गनचं झाकण त्यांच्या बोटावर आपटलं होतं. परीक्षा तोंडावर होती, पियानो शिकवणाऱ्या मिस कडक होत्या, आणि दुखतंय म्हटलं असतं तर परीक्षेचा नंबर दुसऱ्या मुलीला गेला असता. तबिथाने तोंड शिवून घेतलं. चार नंबरमध्ये जोर उरला नव्हता, म्हणून तिने एक चोरवाट शोधली. करंगळीला सोबत न्यायचं आणि मनगटाचं वजन हळूच टाकायचं. सूर स्वच्छ यायचा. परीक्षकांना कळलं नाही, नवऱ्याला नाही, लेकीला नाही. जखमी बोटाची ती कुबडी होती आणि एका बाईपुरती होती. आता ती अडीच लाख धडधाकट हातांत जाऊन बसली होती, आणि त्यातला एक हात जेमीचा होता.

दुसऱ्या दिवशी त्या जेमीला घेऊन मेंदूतज्ज्ञ डॉक्टर मुजुमदारांकडे गेल्या. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि पडद्यावर एक चित्र दाखवलं.

"मेंदूत प्रत्येक बोटाची वेगळी खोली असते," ते म्हणाले. "एकीला लागून एक, मध्ये भिंत. ही तीन बघा, वेगळी आहेत. आणि इथे चौथं आणि पाचवं. भिंत दिसतेय तुम्हाला?"

"नाही."

"पडलीय. दोन बोटं लाखो वेळा एकाच क्षणी हलली की मेंदू म्हणतो, हे एकच बोट दिसतंय. आपण स्वतः हात हलवतो तेव्हा मेंदू आधी हुकूम सोडतो, आणि बोटाकडून आलेली खबर त्या हुकमाशी ताडून बघतो. चुकलं तर त्याला कळतं. बाही बोट हलवते तेव्हा हुकूमच नसतो. मग ताडणार कशाशी? खबरा नुसत्या येत राहतात आणि मेंदू त्या मुकाट्याने लिहून घेतो."

"बरं होईल?"

"लहान आहे, आशा आहे. पण बाही आज बंद. आणि रोज तिनेच, स्वतः लक्ष देऊन, एकेक बोट. फार सावकाश. ह्याला यंत्र नाही." मग ते म्हणाले, "उशीर केलात तर पेन्सिलसुद्धा जड जाईल."

संध्याकाळी हन्ना ऑफिसातून आली तेव्हा टीचर तिच्याच स्वयंपाकघरात बसून होत्या. त्यांनी ऑर्गनच्या झाकणापासून सगळं सांगितलं. हन्ना ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"म्हणून तुझा हात एवढा एकसारखा होता," ती हळूच म्हणाली. "सोळा जणांत चार नंबर सगळ्यांचं थोडं मागेपुढे व्हायचं. तुझं दर वेळी अगदी तसंच यायचं. आम्हाला वाटलं, काय तयारी आहे. आई, मी तुला विचारलं होतं. इजा झाली आहे का म्हणून."

"विचारलंस. मी खोटं बोलले. त्याची शिक्षा मला दे, पण आज बाह्या बंद कर."

हन्ना नळाकडे बघायला लागली. तिच्या त्या बघण्यात टीचरांना काहीतरी खटकलं. त्यांनी मुलीला लहानपणापासून ओळखलं होतं. बिस्किटं चोरली की ती अशीच नळाकडे बघत राहायची.

"तुला माहीत होतं?"

"तुझ्या बोटाचं नव्हतं माहीत! पण तक्रारी आल्यात. अकरा. बोटं वळतात म्हणून."

"कधी?"

"सहा महिने झाले. वापर चुकीचा, असं उत्तर दिलं आम्ही. ताकदीचा आलेख वरच जात होता, आई."

टीचरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आलेख! पोरीला बुटाची नाडी सोडता येईना, आणि तू आलेख बघतेस? अकरा आया तुला सांगतायत आणि तू त्यांना वेडं ठरवतेस? त्या अकरांच्या पुढची बारावी आपली जेमी आहे, हे तुला तुझ्याच घरात दिसलं नाही!"

"शनिवारी सुधारित बाही बाजारात येतेय. एवढा शनिवार होऊ दे, मग मी आतून बघते. आता बोलले तर माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"आणि तुझं नाव? अडीच लाख आईबाप तुझ्या दारात येतील."

"येऊ देत! यायलाच हवेत!" टीचरांनी टेबलावर हात आपटला. तेव्हाही करंगळी अनामिकेबरोबर खाली गेली आणि दोघींनीही ते पाहिलं.

शनिवारी सकाळी अकरा वाजता सभागृह खचाखच भरलं होतं. मंचावर चाळीस कीबोर्ड, चाळीस मुलं. जेमी पहिल्या रांगेत, कारण तिचं नाव कार्यक्रमपत्रिकेत आधीच छापलेलं होतं. कंपनीचे संचालक कौस्तुभ देवस्थळी गोड बोलत होते. "ज्या हातांनी महाराष्ट्राला वाजतं केलं, त्या हातांचा आज आपण सत्कार करतोय." टीचरांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. फोटो निघाला. हन्ना खाली कोपऱ्यात उभी होती, मान खाली घालून.

"दोन शब्द बोला ना, टीचर," देवस्थळी म्हणाले.

"बोलते. आधी मुलं वाजवतील." टीचरांनी श्रीफळ खुर्चीवर ठेवलं आणि पिशवीतून बरणी काढली. एकेका मुलाच्या उजव्या हातावर त्यांनी स्वतः चिंचोका ठेवला. खाली खसखस पिकली. ह्याच वर्गात शिकलेल्या दोन-चार आया एकमेकींना कोपर मारून हसल्या. टीचर जेमीपाशी आल्या. जेमीने वर बघितलंच नाही.

"पहिला धडा. सावकाश. मी म्हणेन तेव्हा."

चाळीस हातांनी सुरुवात केली. एक. दोन. तीन. चौथ्या सुरावर चाळीस मनगटं उजवीकडे कलली आणि चाळीस चिंचोके एकाच क्षणी लाकडी मंचावर पडले. तडतड एकदाच वाजली आणि थांबली.

 आणि मग लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या! टीचरांना आधी कळेचना. मग त्यांनी समोरचे चेहरे बघितले. कौतुकाने फुललेले होते सगळे. किती एकसारखं, किती शिस्तीत, एकालाही मागेपुढे नाही! एक बाप तर उभा राहून शिट्टी मारत होता. आपल्या मुलाचा हात शेजारच्या मुलासारखाच कलतो, आणि त्याच्या पलीकडच्या मुलासारखाच, ह्यात त्याला काहीच विपरीत दिसत नव्हतं.

"गप्प बसा!" टीचर कडाडल्या. माईकही कडाडला. "टाळ्या कसल्या वाजवता? हे वाजवणं नाही. हा माझा रोग आहे."

देवस्थळी पुढे सरकले. टीचरांनी त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. शाल बाजूला टाकून त्या मधल्या कीबोर्डवर बसल्या, स्वतःच्या हातावर चिंचोका ठेवला आणि हात सगळ्यांना दिसेल असा जरा पुढे घेतला. एक, दोन, तीन, चार. टप्.

मग त्यांनी सांगितलं. झाकण, परीक्षा, चोरवाट, अर्जावरचं "नाही". आवाज न कापता सांगितलं, कारण राग त्यांना धरून होता. "तुमच्या मुलांची बोटं चांगली होती. मी त्यांना लंगडणं शिकवलं. आणि घरी गेल्यावर त्यांना बटण लावायला सांगा. नाडी सोडायला सांगा. मग टाळ्या वाजवा."

खाली कुजबुज उठली. काही आयांनी तिथल्या तिथे मुलांना मंचावरून खाली बोलावून बोटं उघडमीट करून बघितली. एक बाई रडायला लागली. देवस्थळींनी माईक हातात घेतला. एवढ्यातही त्यांचं हसू जागेवर होतं.

"टीचर भावुक झाल्यात. चिंतेचं काही कारण नाही. नव्या बाहीत आपण दुसरा, संपूर्ण निर्दोष हात घेतलेला आहे. जुना दोष त्यात आपोआप निघून जाईल."

आणि सभागृहाने सुटकेचा श्वास सोडला. टीचरांनी तो कानांनी ऐकला. पुढच्या रांगेतल्या योगिता धोंगडे, ज्यांचा मुलगा तीन वर्षं टीचरांकडे येत होता, हात वर करून उभ्या राहिल्या. "सर, जुनी देऊन नवी बदलून मिळेल का?"

"योगिता!" टीचर म्हणाल्या. "अगं, दुसऱ्याचा हात पोराच्या हातात घातलास म्हणून हे झालं. आता तिसऱ्याचा घालतेस?"

"मग काय करू, टीचर? दोन वर्षं ती चिंच घेऊन बसू? बाकीच्यांची मुलं पुढे जातील!"

 टीचरांना शिव्या सुचल्या, त्या त्यांनी गिळल्या.

तेवढ्यात कोपऱ्यातून हन्ना पायऱ्या चढून वर आली. तिने देवस्थळींच्या हातातून माईक काढून घेतला. "अकरा तक्रारी आल्या होत्या," ती म्हणाली. "सहा महिन्यांपूर्वी. उत्तरं मी लिहिली. वापर चुकीचा नव्हता." मग तिने फोन काढला. मुख्य इंजिनिअर म्हणून नोंदीची किल्ली तिच्याकडे होती. तिने आईकडे एकदा बघितलं आणि आईचा हात कायमचा पुसून टाकला. अडीच लाख घरांतल्या बाह्या त्या क्षणी मऊ पडल्या.

हे सगळं पाहून जग शहाणं झालं असतं तर बरं झालं असतं. झालं नाही. सोमवारी हन्नाची नोकरी गेली. शनिवारची लांबलेली नवी बाही अकराव्या दिवशी बाजारात आली, नव्या हातासकट, आणि दुकानाबाहेर रांग लागली. रांगेत धोंगडेबाई होत्या. टीचरांच्या वर्गातली चौतीस मुलं बंद झाली. कुणी त्यांना रस्त्यात अडवून नाही नाही ते बोललं, आणि टीचरांनी ते मुकाट ऐकून घेतलं. चौकशी चालू आहे, असं पेपरात येत राहिलं.

सहा मुलं उरली. सहावी जेमी, आणि तीही आपणहून आलेली नव्हती. हन्ना तिला रोज साडेचारला दारात सोडून जायची. जेमी आत यायची, नाडी नसलेले बूट काढायची आणि आजीशी एक शब्दही न बोलता पियानोवर बसायची. शनिवारी मंचावर तिला सगळं कळलं होतं. आठ वर्षांच्या मुलीला जेवढं कळतं तेवढं पुरेसं होतं: आजीने चोरून केलं, आजीने खोटं सांगितलं, आणि बोट माझं गेलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं चाललं होतं. एक बोट, एक सूर. आधी मनात म्हणायचं, चार, आणि मग बोट हलवायचं. करंगळी वळली की थांबायचं, ती उघडेपर्यंत वाट बघायची. चिंचोका पडत होता. टीचर "पडला" म्हणत नव्हत्या. त्यांना तोंडच राहिलं नव्हतं. जेमी आपणच तो उचलून ठेवायची, दात खाऊन, डोळ्यांत पाणी आलं तरी. पंधरा दिवस असेच गेले.

सोळाव्या दिवशी टीचरांनी दुसरं स्टूल ओढलं आणि जेमीच्या शेजारी, पियानोच्या खालच्या सुरांपाशी बसल्या. बरणीतून चिंचोका काढून त्यांनी स्वतःच्या हाताच्या पाठीवर ठेवला. एकसष्ट वर्षांचा हात, त्यावर शिरा उठलेल्या. अठ्ठेचाळीस वर्षं चोरवाटेने गेलेल्या बोटाला त्या आता मनातल्या मनात हुकूम सोडणार होत्या. करंगळीला त्यांनी वरच थांब म्हणून बजावलं.

एक. दोन. तीन.

चार नंबर थरथरलं. जुनी दुखरी जागा ठणकली. करंगळी खाली झुकली आणि चिंचोका घरंगळून जेमीच्या पायाशी जाऊन पडला.

जेमीने खाली बघितलं. चिंचोका उचलला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने आजीकडे सरळ बघितलं, आणि त्या नजरेत माफी नावाला नव्हती.

"पडला," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

टीचर वाकल्या, चिंचोका उचलला आणि पहिल्यापासून सुरू केलं.